अप्पांचा हात

सोलापूर, ८ फेब्रुवारी २०२५

नंदू,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं आणि कामाचं बोलायचं राहून जातं. म्हणून मेल.

तू कॉलेजात असताना अप्पांसाठी जो एडिटर केला होतास, काळा पडदा आणि त्यावर अप्पांच्या हातची पांढरी मोठी अक्षरं, तो आपल्या घरी अजून चालू आहे. म्हणजे होता. मागच्या आठवड्यात जुना कॉम्प्युटर जळाला. भवानी पेठेतल्याच एका कॉम्प्युटरवाल्याकडून नवीन मशीन आणलं. तुझा एडिटर त्याने इंटरनेटवरून काढून चढवून दिला, फॉन्टही चढवला. सुटी अक्षरं झकास दिसतात, अगदी अप्पांनी आत्ता ब्रश फिरवल्यासारखी. पण जोडाक्षरं जुळत नाहीत. 'अप्पा' लिहिलं की मधला प पाय मोडून उभा राहतो आणि पुढचा 'पा' लांब जाऊन पडतो. अप्पांचं पूर्ण नाव, सिद्धप्पा, ते तर बघवत नाही. माझ्या 'महेश्वरी'चे दोन तुकडे, अव्वाच्या 'निंगव्वा'चे दोन तुकडे. घरात तुझं एकट्याचं नाव शाबूत आहे, बाकी आम्ही सगळे मोडलो. तुला त्याचं काही विशेष वाटायचं नाही म्हणा.

हे तूच केलेलं असल्यामुळे दुसऱ्या कुणाला कळत नाही. माझ्या दुकानात पत्रिका आणि फ्लेक्स करणारी दोन माणसं आहेत, त्यांनी डोकं लावून पाहिलं. पुण्यात तू दिवसभर हेच काम करतोस असं ऐकते, अक्षराला अक्षर जोडायचं. तेव्हा तुला अर्ध्या तासाचं काम असेल.

एक जुनं गिऱ्हाईक आहे. त्याला हीच अक्षरं लागतात, रोज लागतात आणि दुसरी चालत नाहीत. घाई आहे.

अव्वा बरी आहे.

अक्का

सोलापूर, १५ फेब्रुवारी २०२५

नंदू,

तुझी दोन ओळींची मेल मिळाली. 'जोडाक्षरांचं फोल्डर कुठाय? गिऱ्हाईक कोण?' एवढ्या वर्षांनी अक्काला लिहिताना 'कशी आहेस' हे दोन शब्द जास्तीचे झाले असते, नाही का?

फोल्डर जुन्या डिस्कवर होतं. डिस्क जळाली, तो डबा मी भंगारात दिला. मला वाटलं होतं फॉन्ट मिळाला म्हणजे सगळं मिळालं. आता कळतंय की तू इंटरनेटवर टाकलास त्यात नुसती सुटी आणि अर्धी अक्षरं आहेत. गावातले सगळे फ्लेक्सवाले तीच ओढूनताणून चिकटवतात. अप्पांनी तुझ्या शेजारी बसून, चष्मा कपाळावर चढवून एकेक काढलेली खरी जोडाक्षरं फक्त आपल्या घरच्या एडिटरात होती. ज्या कागदांवर काढली ते कागद अप्पांनी बंबात घातले, कधी आणि का ते तुला ठाऊक आहे.

आणि गिऱ्हाईक आपली आई आहे, अव्वा. ती बरी नाही. मागच्या वेळी मी खोटं लिहिलं.

नीट सांगते. दोन वर्षांपूर्वी अप्पा गेले तेव्हा गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लावायचा होता. तुला कळवायचं नाही हे अप्पांचं सांगणं महादेवप्पा काकांनी पाळलं, आणि तुला ते त्याच फ्लेक्सच्या फोटोवरून कळलं, हेही मला माहीत आहे. तो मजकूर मी घरच्या एडिटरात केला होता. 'लिंगैक्य सिद्धप्पा पेंटर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' दुसरी अक्षरं घ्यायला माझा हात धजला नाही. समाधी देऊन परत आलो तर अव्वा त्या फ्लेक्सखाली थांबली. बायका पुढे निघून गेल्या, ती हलेना. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बघ की, सोताचा बोर्ड सोताच लिवून ठिवला त्यांनी."

मला वाटलं दुःखात काहीतरी बोलली. पण पुढे एका सकाळी ती कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून बसली आणि मला म्हणाली, "त्यांना इचार, चहा घेताव का."

मी काय करणार होते? टाइप केलं, 'घेतो.' अप्पांचा तो पोट सुटलेला घ पडद्यावर आला. अव्वा उठली आणि चहा टाकायला गेली. अप्पा गेल्यापासून ती स्वयंपाकघरात गेली नव्हती.

तेव्हापासून हे रोज चाललंय. ती विचारते, मी लिहिते. 'जेवलीस का', 'पाणी आलं का', 'पायाला तेल लाव'. लिहिणारी मी आहे हे ती बघते, माझी बोटं तिच्या डोळ्यांपुढे असतात, पण तिच्या लेखी मी नुसती शिडी धरणारी. अप्पा वर चढून लिहितायत. अक्षर पुढे कुठे पडणार ते दाखवणारी उभी रेघ लुकलुकते ना, ती म्हणजे त्यांचा श्वास. "रेघ चालू हाय तवर मानूस हाय," असं ती म्हणते. म्हणून तो कॉम्प्युटर कधी बंदच केला नाही. वीज गेली की तोंडाला पदर लावून बसायची आणि वीज आल्यावर रेघ दिसेपर्यंत बोलायची नाही. शेवटी अखंड चालून चालून तो जळाला.

नव्या मशीनवर मी पहिलं काय लिहिलं असेल तर 'निंगव्वा'. ते मोडून दोन ठिकाणी पडलं. अव्वाने बघितलं आणि तिचा चेहरा असा उतरला की मला कळेना काय झालं. म्हणाली, "ह्यांचा हात परत हालायलाय की गं."

तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. शेवटच्या वर्षी अप्पांचा हात थरथरायचा. साधं अक्षर दमाने काढायचे, पण जोडाक्षर आलं की अर्धं काढून ब्रश निसटायचा आणि दुसरं अर्धं भलतीकडे उमटायचं. बाळीवेशीतल्या एका मिठाईवाल्याचा बोर्ड तसाच अर्धा सोडून ते शिडीवरून उतरले आणि परत चढले नाहीत. त्यानंतर हळूहळू जेवण सोडलं. ते खात नाहीत म्हणून अव्वाही खायची नाही, आम्ही दोघांच्या पाया पडायचो.

आता परत तेच सुरू झालंय. आंबिलीशिवाय तिच्या पोटात काही जात नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, सगळं पुढे ठेवते. ती पडद्याकडे बघते आणि ताट सरकवते. डॉक्टर म्हणाले, या वयात असं चाललं तर फार दिवस निभायचं नाही. नंदू, ती अक्षरं जोडून दे. ती जुळलेली दिसली तर अव्वा जेवेल, एवढंच मला समजतं.

अक्का

सोलापूर, २२ फेब्रुवारी २०२५

नंदू,

लिहितोस काय, 'अक्का, ही फसवणूक थांबव, अव्वाला खरं सांग.' पुण्यात बसून खरं सांगणं सोपं असतं. सांगून झालंय, ऐक.

काल तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "अव्वा, ह्यो कॉम्प्युटरचा फॉल्ट हाय. अप्पांचा हात न्हाय हालत. अप्पा गेले की."

ती म्हणाली, "तवा डाक्टर बी असंच म्हनला हुता. शिरंचा फॉल्ट हाय, हात बरा हाय म्हून. काय झालं मग?"

"अगं, पन हितं अप्पा न्हाईतच. मी लिवते ते सगळं."

तिने माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि सोडून दिले. "तुजं अक्षर मला म्हाईत न्हाय व्हय? कोंबडीच्या पायागत हाय तुजं अक्षर." आणि परत पडद्याकडे तोंड केलं.

आता पुढचं सांगू की नको असं झालंय. तू हसशील. हस.

मलाही हल्ली नक्की सांगता येत नाही की मीच लिहिते. सुरुवातीला मी विचार करून लिहायचे, अप्पा काय म्हणाले असते वगैरे. मग विचार करावा लागेना. अव्वाने विचारायचं आणि माझी बोटं चालायची. मागच्या दिवाळीआधी एका दुपारी ती नुसतं "बरं हाय का" म्हणाली आणि मी लिहून गेले, 'ब्रश रॉकेलात घाल, वाळून जाईल.' लिहिल्यावर वाचलं. कुठला ब्रश? अप्पांचं सामान आम्ही कधीच देऊन टाकलं होतं. अव्वा मात्र उठली, बाथरूमवरच्या फळीवर हात घातला आणि मागून एक ब्रश काढला. फडक्यात गुंडाळलेला, वाळून लाकूड झालेला. तो तिथे आहे हे मला माहीत नव्हतं, अव्वाची शपथ. किंवा लहानपणी कधी पाहिला असेन आणि विसरले असेन. मी स्वतःला असंच समजावते. तिने तो रॉकेलच्या डब्यात ठेवला, अजून आहे.

घराबाहेर पडलं तरी सुटका नाही. तू ती अक्षरं इंटरनेटवर फुकट ठेवलीस आणि सगळ्या गावाने उचलली. मोबाइल दुरुस्ती अप्पांच्या हातची, लेडीज टेलर अप्पांच्या हातचा, 'येथे थुंकू नये' अप्पांच्या हातचं. जिवंतपणी त्यांनी कुणा भाऊ-दादाच्या वाढदिवसाचा बोर्ड रंगवला नाही, आता चौकाचौकात रोज एकाला शुभेच्छा देतायत. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या तिकीटखिडकीवर त्यांचा ळ दिसला तेव्हा मला रडूच फुटलं. मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असतो, बघायचा नसला तर बघू नये. हे तर बोलतात, आणि गावभर बोलतात.

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. तुला वाटलं होतं अप्पांचं अक्षर जगाने बघावं. अप्पांना दिसलं एवढंच, की आता त्यांना शिडीवर कुणी बोलावत नाही, कारण त्यांचा हात कुणालाही यंत्रातून मिळतो. "माझा हात बाजारात उभा केलास," असं ते म्हणाले तेव्हा मी दारात उभी होते. "पुन्हा माझ्या अक्षराला शिवू नकोस," म्हणत त्यांनी ते कागद बंबात घातले, तेही पाहिलं. तू ते अजून धरून बसलायस आणि मेलमध्ये लिहितोस की म्हणूनच जोडाक्षरं काढणार नाहीस.

नंदू, अप्पांनी बोलून घेतलं आणि ते गेले. आता त्यांचा शब्द पाळून तू कुणाला खूश करणार आहेस? अव्वा काल उठून मोरीपर्यंत गेली आणि भिंत धरून खाली बसली. मला तुझा राग आहे, तो राहीलच. पण ही एक गोष्ट माझ्या हातून होण्यासारखी नाही, नाहीतर तुझी मनधरणी केलीच नसती. लहानपणी अप्पा अक्षराच्या कडा मारायचे आणि आत रंग तू भरायचास. गल्लीत सगळ्यांनी ऐकलेलं आहे, ते खालून ओरडायचे, "नंद्या, शेवटाला ब्रश उचल की रे!" त्यांच्या अक्षरात शिरलेला त्यांच्याशिवाय तूच एक आहेस.

बोर्डांचे जेवढे फोटो मिळाले तेवढे सोबत पाठवते. मोडनिंबच्या खताच्या दुकानावरचा अजून आहे, मोहोळच्या स्टँडजवळचे दोन आहेत. त्यात बरीच जोडाक्षरं सापडतील. उरलेली तू काढ.

अक्का

सोलापूर, ३ मार्च २०२५

नंदू,

फाइल मिळाली. परवा सकाळी मिळाली आणि लगेच चढवली. तुला लगेच कळवलं नाही, कारण जे झालं ते मला नीट लिहिता येईल असं वाटत नव्हतं. आज प्रयत्न करते.

आधी मी अव्वाला न दाखवता एकटीने 'अप्पा' लिहून पाहिलं. प पाय मोडून उभा राहिला, आणि मी पुढचं अक्षर दाबल्याबरोबर दोन्ही प एकमेकांत गेले. मला तोंडावर हात ठेवावा लागला. 'सिद्धप्पा' लिहिलं. अगदी दुकानांवर असायचं तसं. तू मेलमध्ये लिहिलंस की द्ध मोहोळच्या बोर्डावरून घेतला, प्प मोडनिंबच्या, आणि जी कुठे सापडली नाहीत ती मनाने काढली. कोणती ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारायचं विसरले.

मग अव्वाला उठवून बसवलं. मागे उशा लावल्या, कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. ती रेघेकडे बघत बसली. मी लिहिलं, 'निंगव्वा, हात बरा झाला. भाकरी खा.'

अव्वा पुढे वाकली. पहिल्यांदा तोंडावर जरा तजेला आला. मग तो मावळला. तिने बोट पुढे केलं आणि स्वतःच्या नावातल्या त्या व्व वर ठेवलं. पडद्यावरून खाली ओढत नेलं आणि शेवटाला थांबवलं.

"हे त्यांनी न्हाय लिवलं," ती म्हणाली.

अक्षर जुळलं होतं, नंदू, माझ्या डोळ्याला तर काही फरक कळत नव्हता. पण मग माझ्या लक्षात आलं. बायकोचं नाव अप्पांनी कुठल्या बोर्डावर रंगवलं असणार? एकदाच काय ते तुझ्या सांगण्यावरून काढलं होतं, लाजत लाजत, आणि तो कागद बंबात गेला. अव्वाने मात्र तो पाहिला होता. फोटोत तुला व्व मिळाला नाही. तो तू काढलास.

मी म्हटलं, "अव्वा, त्यांचंच हाय की. बघ नीट."

"शेवट बघ. वडत नेलाय, ब्रश उचलला न्हाय." आणि मग तिच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी असं काही आलं की मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. "नंद्या हाय ह्यो. किती वरडायचे त्याच्यावर. अजून बी उचलत न्हाय बघ."

आपल्या घरात तुझं नाव कुणी घेत नव्हतं. ती ते पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली, आणि मला दाखवत राहिली, एकेक करून. हे त्यांचं, हे त्यांचं, हे नंद्याचं. मी शब्द लिहायचे आणि ती बोट ठेवायची. मला काही म्हणजे काही ओळखता येत नव्हतं. तिचं एकही चुकलं नसावं, असं मला वाटतं. तू सांग.

मग तिने बोट पडद्यावरून काढून मांडीवर ठेवलं. मी विचारलं, "दमलीस का?" तर म्हणाली, "म्हंजी ह्यांनी लिवायचं थांबवलं. पोरानं हातातनं ब्रश घेतला."

"व्हय अव्वा," मी म्हटलं.

"गेले म्हन की."

"गेले."

तेव्हा ती रडली, नंदू. दोन वर्षांपूर्वी समाधीपाशी रडली नव्हती ती आत्ता रडली. मी तिला धरून बसले. रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, मग त्याच पदराने पडदाही पुसला आणि तुझ्या त्या व्व ला विचारलं, "ऊट आतेन?" तिला मराठी सुचेना की ती कानडीत जाते, तुला माहीत आहे. अप्पांना रोज विचारायची तेच. जेवण झालं का म्हणून.

माझी बोटं सवयीने कीबोर्डवर गेली. तिने माझं मनगट धरलं. "तू नगं. त्याला लिवू दे."

मी हात काढून घेतले. तेव्हापासून एडिटर उघडा आहे आणि त्यात कुणी काही लिहिलेलं नाही. मी अप्पांच्या नावाने आता लिहू शकत नाही. आज सकाळी ती झोपलेली असताना एकदा बसून पाहिलं, बोटं ठेवून वाट बघितली. काहीच आलं नाही. घरात इतकं शांत मला अप्पा गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. आणि तुझ्या नावाने लिहायला मला जमणार नाही, ती पहिल्या अक्षराला ओळखेल.

तिने त्याच दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. चटणी मागून घेतली. उरलेली अर्धी तिने ताटात झाकून कॉम्प्युटरशेजारी ठेवली आहे, मला उचलू देत नाही. रॉकेलातला ब्रश काढून, पुसून त्या ताटावर आडवा ठेवलाय. काल पुन्हा अर्धीच खाल्ली, आजही. मी पूर्ण खा म्हटलं की म्हणते, "त्यो येऊ दे की."

मी तुला हे सगळं अक्षरं जुळावीत म्हणून लिहायला बसले होते. अप्पांची तिला वाट बघावी लागत नव्हती, ते रोज यायचे. तुझी बघावी लागतेय, आणि ती त्या रेघेपुढे बसून बघतेय. कुणी दार वाजवलं की आधी पडद्याकडे बघते, मग दाराकडे.

भाकरी कडक आहे, टिकेल काही दिवस. अव्वाचं मी सांगू शकत नाही. मोहोळ सोडलंस की फोन कर, भांडणार नाही. गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स अप्पांच्या हातचा लावलाय, तो बघून परत फिरू नकोस, सरळ आत ये.

आशीर्वाद शेवटी देईन म्हटलं होतं. आलास की देते.

तुझी
अक्का